काल चालत होते, आज अडले! संगणकाच्या गाभ्यातील बिघाडाचा माग

मे महिन्याची अखेर. परभणी जिल्ह्यात वळवाच्या पावसाचे दिवस. संध्याकाळी वारा सुटतो, ढग गडगडतात आणि बघता बघता सात-आठ गावांतील दिवे एकदम जातात. उपकेंद्रातील ब्रेकर पडलेला असतो. तो पुन्हा चढविला तर क्षणात पुन्हा पडतो. याचा अर्थ, अकरा हजार व्होल्टच्या फीडरवर कोठे तरी दोष आहे. कोठे फांदी तारेवर पडली असेल, कोठे इन्सुलेटर फुटला असेल. आता अंधारात, चिखलात, शेताशेतांतून गेलेल्या या लाइनीवर दोष शोधायचा कसा?

पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत बॅटरी घेऊन चालत जाणे हा एक मार्ग झाला. पण अनुभवी वायरमन असे करीत नाही. तो लाइनीच्या साधारण मध्यावर असलेला ए.बी. स्विच उघडतो आणि उपकेंद्रात कळवितो, "आता लाइन चार्ज करून पाहा." ब्रेकर टिकला, तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष, दोष पलीकडे आहे. ब्रेकर पडला, तर दोष अलीकडच्याच अर्ध्या भागात आहे. एका चाचणीत अर्धी लाइन संशयातून मोकळी झाली! मग उरलेल्या भागाच्या मध्यावर पुन्हा तीच युक्ती. भाग पुरेसा लहान झाला, की मग मात्र बॅटरी घेऊन एकेक खांब पाहावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, विजेच्या तारांना आणि डी.पी.ला आपण कधीही हात लावावयाचा नाही, हे सांगणे न लगे. पण वायरमनची ही युक्ती मात्र आपण जरूर उचलावी. कारण हीच युक्ती वापरून जगभरचे संगणकतज्ज्ञ आज्ञावलींच्या कोट्यवधी ओळींत दडलेला एखादा दोष हुडकून काढतात. ते हे कसे करतात, त्यांना कोणत्या अडचणी येतात, आणि सापडलेला 'गुन्हेगार' खरोखर गुन्हेगार असतो का, हे या लेखात पाहू या.

गाभा म्हणजे काय?

परभणीच्या मोंढ्यात सुगीच्या दिवसांत गेलात, तर काय दिसते? सोयाबीन-कापसाच्या पन्नास गाड्या उभ्या आहेत, पण काटा एकच आहे. कोणाची गाडी आधी काट्यावर घ्यायची, कोणाचा माल कोणत्या गोदामात ठेवायचा, एकाची पोती दुसऱ्याच्या थप्पीत जाणार नाहीत याची काळजी कोणी घ्यायची? हे सारे पाहणारा कोणी तरी असावाच लागतो. नाही तर गोंधळ!

संगणकातही हीच स्थिती असते. गणिते करणारा प्रोसेसर हा काटा, स्मृती आणि डिस्क ही गोदामे, आणि आपण एकाच वेळी चालविलेले अनेक कार्यक्रम या गाड्या. या सर्वांवर देखरेख करणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणालीचा गाभा किंवा 'कर्नल' म्हणतात. पडद्यावर तो कधी दिसत नाही. पण कळफलकावरील एक अक्षर दाबले, फाइल उघडली, छायाचित्र पाठविले, तरी प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून जाते.

आज सर्वांत जास्त यंत्रांवर चालणारा गाभा म्हणजे 'लिनक्स'. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला. त्या वेळी त्याच्या सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या तीन कोटींहून अधिक आहेत. घरातील अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो. मोठमोठ्या महासंगणकांतही हाच असतो. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि तीत सुधारणाही सुचविता येते. त्यामुळे जगातील हजारो लोक त्यावर एकाच वेळी काम करीत असतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीत बारा ते पंधरा हजार लहानमोठे बदल असतात.

पीछेहाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील एक यंत्र काल उत्तम चालत होते. रात्री त्याच्या गाभ्याची नवी आवृत्ती घातली. सकाळी ते सुरूच होईना. जुनी आवृत्ती परत घातली, तर पुन्हा ठीक! म्हणजे यंत्र निर्दोष आहे. दोष नव्या आवृत्तीतील कोणत्या तरी बदलात आहे. जी गोष्ट पूर्वी नीट चालत होती ती सुधारणेनंतर बिघडणे, याला संगणकशास्त्रात 'रिग्रेशन' म्हणतात. आपण त्याला 'पीछेहाट' म्हणू.

नव्या दोषापेक्षा पीछेहाट अधिक वाईट समजली जाते. असे का? नवी सोय नीट चालली नाही, तर आपण ती वापरत नाही. फारसे बिघडत नाही. पण ज्या गोष्टीवर विसंबून आपण कामे करतो, तीच अडली तर माणसाचा सुधारणेवरचाच विश्वास उडतो. मग लोक नव्या आवृत्त्या घालीनासे होतात. आणि त्या आवृत्त्यांत तर सुरक्षिततेच्या त्रुटी दूर केलेल्या असतात! म्हणून लिनक्सच्या विकासकांनी एक कडक नियम घालून घेतला आहे : वापरणाऱ्याचे चालते काम बिघडविणारा बदल, मग तो कितीही चांगला असो, दोष समजावयाचा. हा नियम पाळणे किती अवघड जाते याची एक गोष्ट पुढे येणार आहे.

चौदा हजारांतून एक

नव्या आवृत्तीत चौदा हजार बदल आहेत आणि त्यांपैकी एकाने घात केला आहे असे धरू. एकेक बदल घालून गाभा तयार करावयाचा आणि यंत्र सुरू होते का ते पाहावयाचे, असे ठरविले तर? साध्या लॅपटॉपवर गाभा तयार करण्यास अर्धा तास ते काही तास लागतात. अर्धाच तास धरला तरी चौदा हजार चाचण्यांना सात हजार तास, म्हणजे रात्रंदिवस काम करून सुमारे २९२ दिवस लागतील!

येथे वायरमनची युक्ती कामास येते. प्रत्येक बदल केव्हा झाला, कोणी केला आणि कोणत्या ओळी बदलल्या, याची क्रमवार नोंद ठेवलेली असते. ही नोंद ठेवणारी 'गिट' नावाची आज्ञावली टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिली. तिच्या साहाय्याने गाभा इतिहासातील कोणत्याही क्षणी जसा होता, तसा पुन्हा उभा करता येतो. आपल्याला दोन टोके माहीत आहेत. जुनी आवृत्ती 'चांगली' आणि नवी आवृत्ती 'वाईट'. मग आपण बरोबर मधला, म्हणजे सात हजारावा बदल झाला त्या वेळचा गाभा तयार करतो. तो चालला, तर दोष नंतरच्या सात हजारांत. नाही चालला, तर आधीच्या सात हजारांत. या रीतीला आपण 'दुभाजन' म्हणू. संशयितांची संख्या कशी घटते पाहा :

१४०००, ७०००, ३५००, १७५०, ८७५, ४३८, २१९, ११०, ५५, २८, १४, ७, ४, २, १.

चौदा पायऱ्यांत चौदा हजारांतील एक बदल हाती येतो. अर्ध्या तासाची एक चाचणी धरली, तर सात तासांचे काम! २९२ दिवस कोठे आणि सात तास कोठे!

गणिताच्या भाषेत सांगावयाचे, तर 'न' चाचण्यांत २ चा 'न' वा घात इतके बदल तपासता येतात. २ चा १३ वा घात ८१९२, म्हणून तेरा चाचण्या अपुऱ्या पडतात. २ चा १४ वा घात १६३८४, म्हणून चौदा पुरतात. बदलांची संख्या दुप्पट झाली तर चाचणी एकच वाढते. दहावीपर्यंत घातांकाचे नियम शिकताना "याचा उपयोग काय?" असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. वायरमनचा फीडर ही एक सरळ रेषा असते. गाभ्याचा इतिहास तसा नसतो. आपल्या जिल्ह्यात दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला मिळते. तसेच वेगवेगळ्या गटांचे काम वेगवेगळ्या प्रवाहांत चालते आणि शेवटी मुख्य प्रवाहात मिसळते. संगमाखाली पाणी गढूळ दिसले, तर गाळ कोणत्या नदीतून आला हे संगमाच्या वर जाऊन पाहावे लागते. दुभाजन करणारी आज्ञावली हा हिशेब आपोआप ठेवते. वापरणाऱ्याने फक्त प्रत्येक चाचणीनंतर 'चांगली' की 'वाईट' एवढे सांगावयाचे.

२०१९ सालची हकीकत

आता एक खरी घडलेली घटना पाहू. लिनक्सची ५.२ ही आवृत्ती जुलै २०१९ मध्ये प्रसृत झाली होती आणि ५.३ वर काम चालू होते. अंतिम आवृत्तीपूर्वी दर आठवड्याला चाचणी-आवृत्ती काढण्याची प्रथा आहे. बहुधा सात काढल्या की काम संपते. या खेपेस एक आठवडा जादा घेऊन ८ सप्टेंबरला आठवी चाचणी-आवृत्ती काढण्यात आली. आता फक्त शिक्कामोर्तब व्हावयाचे राहिले होते.

आणि त्याच आठवड्यात एका विकासकाने कळविले, की त्याचा लॅपटॉप नव्या गाभ्यावर सुरू होता होता मध्येच थांबून राहतो. जुन्या गाभ्यावर ही अडचण नव्हती. दुभाजन करीत करीत तो एका बदलापाशी येऊन पोहोचला होता. मात्र तो बदल पाहून सर्वच बुचकळ्यात पडले. कारण त्यात चूक अशी काहीच नव्हती. उलट ती एक छान सुधारणा होती!

ती सुधारणा 'एक्स्ट-४' या फाइल-व्यवस्थेतील होती. डिस्कवर फाइली कशा मांडावयाच्या आणि कशा शोधावयाच्या हे काम फाइल-व्यवस्था करते. प्रत्येक फाइलीची माहिती ठेवणारा एक तक्ता डिस्कवर असतो. तो वाचताना गाभा लगतचे काही भागही आधीच मागवून ठेवतो. पूर्वी यासाठी डिस्ककडे अनेक लहान लहान मागण्या जात. सुधारणा करणाऱ्याने काय केले? मागण्या थोडा वेळ अडवून एकत्र केल्या आणि एकदम पाठविल्या. घरी पाहुणे आले असता साखर, मग चहा, मग पोहे असे तीनदा किराणा दुकानात पळण्याऐवजी एकच चिठ्ठी करून एकदाच जावे, तसे हे झाले. खेपा कमी, वेळेची बचत. यात चुकले कोठे?

रांजण का भरेना?

हे कळण्यासाठी गाभ्याचे आणखी एक काम समजून घेतले पाहिजे. संगणकाला अधूनमधून अशा संख्या लागतात, की ज्या कोणालाही आधी ओळखता येऊ नयेत. अशा संख्यांना यादृच्छिक संख्या म्हणतात. बँकेचा व्यवहार किंवा खाजगी संदेश गुप्त ठेवणाऱ्या किल्ल्या या संख्यांपासूनच बनतात. संख्या ओळखता आली, तर किल्लीही ओळखता आली!

पण संगणक हे तर काटेकोर यंत्र. तेच प्रश्न विचारले तर तीच उत्तरे देणारे. त्याने अनपेक्षित संख्या आणावयाच्या कोठून? गाभा त्या बाहेरच्या घडामोडींतून गोळा करतो. डिस्क, कळफलक, माउस ही उपकरणे आपले काम झाले की प्रोसेसरला इशारा देतात. या इशाऱ्याला 'इंटरप्ट' म्हणतात. तो इशारा नेमका सेकंदाच्या कितव्या अब्जांशाला येईल हे सांगता येत नाही. ही बारीकशी अनिश्चितता गाभा थेंबाथेंबाने साठवितो. जणू मडक्यातून ठिबकणाऱ्या पाण्याने रांजण भरावा. रांजण पुरेसा भरला, की त्यातून विश्वासार्ह यादृच्छिक संख्या देता येतात.

यंत्र नुकतेच सुरू झालेले असते तेव्हा रांजण रिकामा असतो. अशा वेळी घाईने दिलेल्या संख्या ओळखता येण्याजोग्या असू शकतात. हा धोका केवळ कल्पनेतला नाही. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरील उपकरणांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. त्यांत अनेक उपकरणांच्या किल्ल्या कमकुवत निघाल्या. सुरू होतानाच, रांजण भरण्यापूर्वी किल्ली बनविणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. म्हणूनच २०१४ साली लिनक्समध्ये यादृच्छिक संख्या मागण्याची जी नवी सोय आली, ती अशी होती : रांजण पुरेसा भरेपर्यंत मागणाऱ्याने थांबावे.

आता दोन्ही धागे जुळवून पाहा. डिस्ककडे जाणाऱ्या खेपा कमी झाल्या. खेपा कमी झाल्या म्हणून इशारे कमी आले. इशारे कमी आले म्हणून थेंब कमी पडले आणि रांजण भरेना. यंत्र सुरू होताना एका कार्यक्रमाने यादृच्छिक संख्या मागितल्या आणि तो नियमाप्रमाणे थांबून राहिला. त्याच्यासाठी पुढचे काम थांबले. पुढचे काम थांबले म्हणून डिस्कला हालचाल उरली नाही. हालचाल नाही म्हणून इशारे नाहीत, आणि इशारे नाहीत म्हणून रांजण कधीच भरणार नाही! सारे जण एकमेकांची वाट पाहत बसले.

पूर्वी रांजण कसाबसा वेळेवर भरत होता आणि तो कसाबसा भरतो हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. सुधारणेने तो थोडासा उणा पडला, एवढेच.

गुन्हेगार कोण?

आता प्रश्न असा, की दोष कोणाचा? फाइल-व्यवस्था सुधारणाऱ्याने आपले काम चोख केले होते. यादृच्छिक संख्या देणाराही सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबरच वागत होता. सुरू होतानाच अशा संख्यांसाठी अडून बसणाऱ्या कार्यक्रमाकडे बोट दाखविता आले असते. पण तो कार्यक्रमही कालपर्यंत चालत होता ना? या मुद्द्यांवर बरीच चर्चा झाली. खरा उपाय रांजणाच्या व्यवस्थेतच करावयास हवा होता, हे टोरवाल्ड्स यांना पटलेले होते. पण सुरक्षिततेशी संबंधित भागात चार दिवसांत घाईघाईने हात घालणे शहाणपणाचे नव्हते, आणि वापरणाऱ्यांचे लॅपटॉप अडकलेले ठेवून आवृत्ती काढणे नियमात बसत नव्हते.

म्हणून त्यांनी ती चांगली सुधारणा परत घेतली! १५ सप्टेंबर २०१९ रोजी ५.३ ही आवृत्ती त्या सुधारणेशिवाय प्रसृत झाली. हे चुकीच्या कारणासाठी करावे लागत आहे, बदल स्वतः चांगलाच आहे, अशी कबुलीही नोंदीत लिहून ठेवण्यात आली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ५.४ च्या तयारीत, मूळ दुखण्यावर इलाज झाला. रांजण भरत नसेल, तर गाभ्याने स्वस्थ न बसता प्रोसेसरच्या कामाच्या वेळेतील अतिसूक्ष्म अनियमितता मोजून स्वतःच थेंब गोळा करावेत, अशी योजना करण्यात आली. लगोलग ती परत घेतलेली सुधारणाही पुन्हा दाखल झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ मध्ये दोन्ही गोष्टी सुखाने नांदू लागल्या.

या हकीकतीतून एक महत्त्वाचा धडा मिळतो. दुभाजनाने आपल्याला 'केव्हा बिघडले' याचे उत्तर मिळते. 'का बिघडले' याचे उत्तर मिळतेच असे नाही. उंटाच्या पाठीवर शेवटची काडी कोणी ठेवली हे कळते. पण उंट वाकला तो त्या एका काडीने नव्हे. शोध लावणाऱ्याने काडी सापडल्यावर थांबू नये, सारे ओझे तपासावे.

पद्धत कोठे फसते?

दुभाजन ऐकण्यास सोपे असले, तरी त्यात खाचखळगे आहेत.

पहिली अडचण : मधलाच एखादा गाभा दुसऱ्याच कारणाने तयारच होत नाही, किंवा सुरू होत नाही. मग त्याला 'चांगला' म्हणता येत नाही आणि 'वाईट'ही म्हणता येत नाही. अशा वेळी तो वगळून शेजारचा घ्यावा लागतो. माहीत नसलेल्या उत्तराच्या जागी अंदाज लिहिणे येथे फार महाग पडते.

दुसरी अडचण : कधी दिसणारा, कधी न दिसणारा दोष. समजा, दोष असलेला गाभाही दोनांपैकी एका वेळी व्यवस्थित सुरू होतो. आपण एकदा यंत्र सुरू केले आणि ते चालले. 'चांगला' अशी नोंद केली, तर ती खोटी ठरण्याची शक्यता मोठी आहे. आणि एकदा चुकीच्या अर्ध्या भागात शिरलो, की पुढच्या सर्व चाचण्या व्यर्थ! येथे संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते. सदोष गाभा सलग पाच वेळा नीट सुरू होण्याची शक्यता १/२ चा पाचवा घात, म्हणजे १/३२, सुमारे ३ टक्के. दोष चारांपैकी एकदाच दिसत असेल, तर शंभरात एक इतकी चूक राहावी यासाठी सलग सोळा वेळा यंत्र सुरू करून पाहावे लागते. एक लक्षात घ्या : 'वाईट' हे उत्तर एका चाचणीत पक्के होते, 'चांगला' हे उत्तर कधीच पूर्ण पक्के होत नाही, ते फक्त अधिकाधिक विश्वसनीय होत जाते.

तिसरी अडचण : चाचणी करताना आणखी काही तरी बदलणे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नव्या वाणाची चाचणी कशी घेतात ते पाहा. नवे वाण आणि नेहमीचे वाण शेजारीशेजारी, सारख्या जमिनीत, सारख्या खतपाण्यावर पेरतात. फरक फक्त वाणाचा ठेवतात. तसेच येथेही. यंत्र तेच, मांडणी तीच, जोडलेली उपकरणे तीच. बदलावयाचा तो फक्त गाभा. मधेच कोणी वेगळा माउस जोडला, तर निकाल त्याच्यामुळे बदलला की गाभ्यामुळे, हे कोण सांगणार? आपल्या रांजणाच्या गोष्टीत तर माउस हलविला तरी थेंब पडतात!

चौथी अडचण : दोन बदल जोडीने यावयाचे असतात, पण एकच येतो. याचे उदाहरण २०२३ सालचे आहे. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी नव्या गाभ्यातील दुरुस्त्या मागे नेऊन बसवितात. ६.१.६४ या आवृत्तीत अशीच एक दुरुस्ती बसविण्यात आली. नव्या गाभ्यात ती एका आधीच्या बदलावर अवलंबून होती. तो आधीचा बदल मात्र जुन्या गाभ्यात आणला गेला नव्हता. परिणामी एका विशिष्ट रीतीने फाइलीत लिहिताना पुढचे लिखाण कोठे करावयाचे ती जागाच चुकू लागली आणि फाइलीतील माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. 'डेबियन' या प्रसिद्ध कार्यप्रणालीची १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबर २०२३ रोजी निघावयाची होती आणि तीत नेमका हाच गाभा होता. धोका लक्षात येताच प्रकाशन थांबविण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त गाभ्यासह सरळ १२.४ ही आवृत्ती काढण्यात आली. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणजे दूरदेशीच्या एका चुकीचे पडसाद कोठवर जाऊ शकतात, याची कल्पना यावी. यंत्र सुरू झाले नाही तर ते लगेच कळते. पण माहिती गुपचूप बिघडू लागली, तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय शाळेपासूनच लावून घ्यावी.

आणि शेवटी उलट तपासणी. दुभाजनाने बदल सापडला, की नव्या आवृत्तीतून तेवढा एकच बदल काढून गाभा पुन्हा तयार करावा. यंत्र चालू लागले, तर आपला निष्कर्ष खरा. नाही चालले, तर वाटेत कोठे तरी चुकलो आहोत. उत्तर आल्यावर ताळा करून पाहतो, तसेच हे आहे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. कागदाच्या ६४ चिठ्ठ्या करून त्यांवर १ ते ६४ आकडे घाला आणि त्या टेबलावर ओळीने मांडा. शिक्षकांनी मनात एक आकडा धरावा. त्या आकड्याची चिठ्ठी आणि तिच्या पुढच्या सर्व चिठ्ठ्या 'वाईट', आधीच्या सर्व 'चांगल्या'. विद्यार्थ्यांनी एकेक चिठ्ठी दाखवून विचारावे. एका गटाने पहिल्यापासून क्रमाने विचारावे, दुसऱ्याने दुभाजनाने. दुसऱ्या गटाला नेहमी सहा प्रश्न पुरतील. ६४ वी चिठ्ठी वाईट आहे, हे आधीच ठाऊक आहे असे धरा.

मग खेळ अवघड करा. चिठ्ठी 'वाईट' असेल तेव्हा शिक्षकांनी लपवून नाणे उडवावे. छाप पडली तर खरे उत्तर द्यावे, काटा पडला तर 'चांगली' असे सांगावे. आता तेच सहा प्रश्न किती वेळा फसवितात ते मोजा. प्रत्येक चिठ्ठीबद्दल पाच-पाच वेळा विचारण्याची मुभा दिली, तर काय फरक पडतो? वर्गाने वीस फेऱ्या खेळून तक्ता केला, तर संभाव्यतेचा पाठ वेगळा शिकविण्याची गरज राहणार नाही.

ही रीत संगणकापुरती नाही. सायकलचा दिवा लागत नाही, पंपाला पाणी चढत नाही, भागाकाराचे लांबलचक गणित चुकले आहे, अशा कोणत्याही वेळी आधी दोन टोके पक्की करा : कोठवर ठीक होते, कोठे बिघडलेले दिसते. मग मध्यावर जाऊन पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. जे पाहिले ते लिहून ठेवा. आणि दोष सापडला म्हणून लगेच दुसऱ्याला दोष देऊ नका. त्यामागचे कारण शोधा. अंधारात लाइनीच्या मध्यावर उभा राहून ब्रेकर टिकल्याची वाट पाहणारा वायरमन आणि चौदाव्यांदा लॅपटॉप सुरू करणारा विकासक, दोघेही एकच काम करीत असतात : काल चालत होते ते आज पुन्हा चालते करण्याचे.

प्रश्न

१. दोन आवृत्त्यांमध्ये ४०९६ बदल आहेत. दुभाजनाने जास्तीत जास्त किती चाचण्या लागतील?

२. सदोष गाभा तीनांपैकी एकदा अडतो. त्याला चुकून 'चांगला' म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी करावयाची असेल, तर निदान किती वेळा सलग नीट सुरू झालेला पाहिला पाहिजे?

३. दोघा मित्रांजवळ अगदी सारखे दोन संगणक आहेत. प्रत्येक फेरीत ते एकाच वेळी दोन वेगवेगळे गाभे तपासून संशयितांचे तीन भाग करतात. १४००० बदलांसाठी किती फेऱ्या लागतील?

उत्तरे : (१) १२. (२) ८, कारण २/३ चा सातवा घात सुमारे ०.०५९ आणि आठवा घात सुमारे ०.०३९. (३) ९, कारण ३ चा आठवा घात ६५६१ आणि नववा घात १९६८३.